रोटेनबुर्गला आई-बाबांसोबत: तटबंदी, श्पार्गल आणि कातणं

खडीसाखर

आई-बाबा मे महिन्यात इकडे आले होते. आम्ही एरलांगनला राहतो, न्युर्नबर्गच्या शेजारी. कराडहून निघतानाच बाबांनी बजावलं होतं, "राजवाडे नि म्युझियमं नकोत. एखादं जुनं गाव दाखव, माणसं राहतात असं." म्हणून रोटेनबुर्ग ठरलं. पूर्ण नाव रोटेनबुर्ग ओब डेर टाउबर, म्हणजे टाउबरच्या वरचं रोटेनबुर्ग. नदी खाली दरीत आणि गाव वर कड्यावर. नवरा म्हणाला, "तिथं नुसते टूरिस्ट असतात." म्हटलं, आपण तरी कोण लागून गेलो?

न्युर्नबर्गहून आन्सबाख, मग श्टाइनाख नावाच्या एवढ्याशा स्टेशनवर गाडी बदलायची आणि शेवटची पंधराएक मिनिटं शेतांमधून छोट्या गाडीने. बायर्न तिकीट (बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्य) काढलं की पाच जणांपर्यंत एका तिकिटावर दिवसभर हिंडता येतं. कामाच्या दिवशी मात्र ते सकाळी नऊच्या आधी चालत नाही. आई-बाबांना उठवून, चहा-पोहे करून निघेपर्यंत आमच्याकडे नऊ कसेही वाजतातच, त्यामुळे ती अट आम्हाला जाचली नाही.

स्टेशन तटाबाहेर आहे. दहा मिनिटं चाललं की र्‍योडर वेस लागते आणि आत शिरल्या शिरल्या तटावर चढायचा जिना. तटाच्या आतल्या अंगाने लाकडी छपराचा, कौलं घातलेला अरुंद रस्ता आहे. अडीच किलोमीटरच्या आसपास तसं चालता येतं. एका हाताला बाण मारायच्या फटी, दुसऱ्या हाताला लोकांची परसदारं. कुणाचे वाळत घातलेले कपडे, कुणाचं मुलाचं घसरगुंडीचं प्लास्टिक, एका ठिकाणी वाफ्यात लावलेला कांदा. बाबांची तुळईला दोनदा टक्कर झाली. तिसऱ्या वेळी ते आपसूक वाकले आणि मग सबंध वाटभर वाकूनच चालले.

तटात मध्येमध्ये दगडी पाट्या बसवल्यात. त्यांवर नावं आणि पुढे 'एक मीटर', 'दोन मीटर' असं कोरलेलं. अमेरिकन, जर्मन आणि खूपशी जपानी नावं. बाबा निवृत्त मास्तर, अक्षर दिसलं की वाचणार. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बने तट पडला, तो पुन्हा बांधायला ज्यांनी पैसे दिले त्यांची ही नावं, असं मी सांगितल्यावर म्हणाले, "म्हणजे देवळातल्या पंख्याच्या पात्यावर असतात तशी." तंतोतंत!

गावाचा इतिहास थोडक्यात: १२७४ साली राजा रुडॉल्फने याला साम्राज्याचं मुक्त शहर केलं, म्हणजे मधे कुणी सरदार-संस्थानिक नाही, थेट सम्राटाला बांधील. व्यापार वाढला, वेशी वाढल्या, सेंट याकोबचं देऊळ (चर्च हो, आई सगळ्यालाच देऊळ म्हणत होती) उभं राहिलं. तिथं वरच्या मजल्यावर रीमनश्नायडर या शिल्पकाराची लाकडी वेदी आहे, १५०० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. शेवटच्या भोजनाचा देखावा, लिंडनच्या लाकडात, रंग न लावता. मधोमध ख्रिस्त नाही, त्याला दगा देणारा शिष्य ज्यूडास उभा आहे, पाठमोरासा, हातात पैशाची पिशवी. आई बराच वेळ त्याच्याचकडे बघत होती. मग म्हणाली, "पंगतीतनं उठून चाललेला माणूस लगेच कळतो."

पुढे तीस वर्षांचं युद्ध आलं. १६३१ मध्ये टिली या सेनापतीने गाव घेतलं. कथा अशी की माजी महापौर नुश याने सव्वातीन लिटर वाईन एका दमात प्याली तर गाव जाळणार नाही, अशी टिलीने पैज लावली आणि नुश प्याला. चौकातल्या घड्याळाशेजारच्या खिडक्या दर तासाला उघडतात, एकीत टिली आणि दुसरीत नुश दिसतो, नुश पेला तोंडाला लावतो. चारशे माणसं मोबाइल वर धरून उभी. बाहुला हळूच हात उचलतो, संपलं. बाबा म्हणाले, "एवढंच?" माझ्या मते रोटेनबुर्गमधली सर्वात फुसकी गोष्ट हीच.

आता खाणं. माझी खरी कसोटी इथं होती. बाबांना मटण-मासे चालतात. डुक्कर आणि गोमांस नाही. आई शाकाहारी, पण तिचं अंड्याचं शास्त्र वेगळं आहे: केकमधलं चालतं, ताटातलं चालत नाही. अशा दोन माणसांना घेऊन आमच्या या फ्रांकन भागात पारंपरिक जेवायला जाणं म्हणजे विचारू नका. इथला मानाचा पदार्थ शॉयफले, डुकराच्या खांद्याचा तुकडा हाडासकट तासन्‌तास भाजलेला, वर कुरकुरीत साल, सोबत बटाट्याचा मुठीएवढा गोळा आणि काळसर रस्सा. हाडाचा आकार फावड्यासारखा, म्हणून ते नाव. नवऱ्याने तोच घेतला आणि तासभर त्याला कुणाशी बोलायची गरज पडली नाही.

पण त्याआधी एक घोळ. आम्ही सव्वादोनला एका ठिकाणी पोचलो तर स्वयंपाकघर दोनलाच बंद झालेलं, आता थेट साडेपाचला. सहा वर्षं राहून हे मला माहीत असायला हवं होतं. आईने पर्समधून तिळगुळाची वडी काढून सगळ्यांना दिली आणि माझ्याकडे बघितलंही नाही. त्यामुळे जास्तच लागलं. शेवटी कोपऱ्यावरची एक खानावळ दुपारभर चालू असलेली सापडली.

आईसाठी मी 'फ्लेडलेसूप' सांगितलं. धिरड्याच्या पातळ पट्ट्या घातलेलं सूप, काय वाईट? ऑर्डर घेऊन बाई वळल्या आणि माझी ट्यूब पेटली. धावत जाऊन विचारलं. अर्थातच गायीच्या हाडांच्या सुपात. रद्द. मग आईला श्पार्गल मिळाला आणि तो मात्र जमला. पांढरी शतावरीसारखी कांडी, मातीच्या उंच वरंब्याखाली वाढवतात, ऊन लागू देत नाहीत म्हणून पांढरी राहते. एप्रिलपासून २४ जूनपर्यंतच काढतात, त्या दिवसानंतर झाडाला विश्रांती. या दोन-अडीच महिन्यांत अख्खा देश वेडा झालेला असतो, रस्त्याकडेला टपऱ्या लागतात. उकडलेल्या कांड्या, उकडलेले बटाटे, वर लोण्या-अंड्याचा पिवळा सॉस (बाजूला काढून ठेवला). आईने पहिली कांडी शेवग्याच्या शेंगेसारखी दातात धरून ओढली. ती अख्खीच आत गेली. "अगं, हिला चोथाच नाही!"

बाबांना कार्प मासा हवा होता, कारण मी त्याची फार स्तुती करून ठेवलेली. पण कार्प फक्त नावात 'र' असलेल्या महिन्यांत खातात, सप्टेंबर ते एप्रिल. मेमध्ये मागितला तर लोक हसतात. मग ट्राउट घेतला, लोण्यात परतलेला, सबंध. बाईंनी विचारलं, काटे काढून देऊ का? बाबा कृष्णेकाठचे. मानेनेच नको म्हणाले. दहा मिनिटांनी ताटात नुसता काटा उरला, फणीसारखा स्वच्छ, डोक्यापासून शेपटीपर्यंत. त्या बाई रिकामी ताटं न्यायला आल्या, थांबल्या, आतून आचाऱ्याला बोलावून आणलं आणि दाखवलं. बाबांच्या आयुष्यातला हा पहिला आंतरराष्ट्रीय सन्मान.

आणि शेवटी श्नेबाल, म्हणजे बर्फाचा गोळा. हा इथला खास. चेंडूएवढा तळलेला गोड गोळा, वर पिठीसाखर. प्रत्येक बेकरीच्या खिडकीत रास लावलेली असते: चॉकलेटचे, बदामाचे, नाही नाही त्या रंगांचे. एका दुकानात काचेपलीकडे करून दाखवत होते. बाईंनी पोळी लाटली, नक्षीच्या चाकाने तिला आडव्या चिरा दिल्या, कडा मात्र अखंड ठेवल्या. मग एका काठीवर एक आड एक पट्टी उचलून तो गुंता अलगद एका गोल पकडीत ठेवला आणि पकडीसकट तेलात.

आई काचेला नाक लावून उभी. एकदम मागे वळली, "अगं, हे कातणं आहे! आपलं करंजीचं कातणं!" होतंच ते. तस्संच दातेरी चाक, तीच लाकडी मूठ. तिच्या सासूबाईंकडून आलेलं पितळी कातणं कराडला आहे, त्याची जुळी बहीण.

चव? आईचा निकाल: "पहिलं खिडकीतलं घेतलंस ते परवाचं होतं. हे ताजं बरंय. पण मोहन कमी पडलंय."

आम्ही रात्री तिथंच राहिलो. सहापर्यंत बसेस निघून जातात आणि गाव एकदम गावातल्यांचं होतं. आठ वाजता चौकात काळ्या झग्यातला पहारेकरी भाला-कंदील घेऊन येतो आणि गोष्टी सांगत गावभर फिरवतो. इंग्रजीत आधी, जर्मनमध्ये नंतर. ते चुकवू नका.

एवढंच. विचारा काय विचारायचं ते.

उगाच_एक

पहिला! वाचतो निवांत. फोटो का दिसत नाहीयेत?

खडीसाखर

टाकलेच नाहीत, मोबाइलवरून चढत नाहीयेत. बाबांच्या काट्याचा फोटो आहे, तो काहीही करून टाकणार.

फणसपोळी

मस्त! कातण्याचं वाचून हसू आलं आणि थोडं गलबललंही. काकूंना नमस्कार सांगा. वाचनखूण साठवली आहे.

बखरकार

छान लिहिलंय, पण जरा मीठ टाकतो. रोटेनबुर्गला सगळे 'जतन केलेलं मध्ययुगीन गाव' म्हणतात, ते अर्धसत्य आहे. ३१ मार्च १९४५ रोजी अमेरिकन विमानांनी बॉम्ब टाकले. गावाचा पूर्वेकडचा भाग, सुमारे ४० टक्के, जळाला. तटही मोठ्या लांबीचा पडला. म्हणजे तुम्ही स्टेशनवरून आत शिरलात तो भाग १९५० च्या दशकातला आहे. पुन्हा बांधलेला, जुन्यासारखा दिसेल असा. तुमच्या वडिलांचं डोकं आपटलं ती तुळई माझ्यापेक्षा फार मोठी नसेल. याला जतन म्हणायचं की सेट म्हणायचं?

आणि ती पैजेची कथाही दंतकथाच. तिच्यावर १८८१ मध्ये नाटक लिहिलं गेलं, तेव्हापासून दरवर्षी पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुमारास गावकरी ते करतात. घड्याळातले बाहुले त्यानंतरचे, १९१० चे.

खडीसाखर

बखरकार, बॉम्बचं मी पाट्यांच्या ओघात म्हटलं होतं, पण तुम्ही सांगितलंत ते नीट सांगायला हवं होतं. मान्य. तरी सेट नाही म्हणवत. सेटवर कुणी कांदे लावत नाही.

नदीकाठची

+१ कांद्याला.

देशोदेशी

बखरकारांचं बरोबर आहे, पण उरलेले ६० टक्के का टिकले हेही बघा. हे गाव कुणी प्रेमाने जपलं नाही, ते दारिद्र्याने वाचवलं. १६३१ चा वेढा, १६३४ चा प्लेग, व्यापाराचे रस्ते दुसरीकडे वळलेले. पुढची दोनशे वर्षं नवी घरं बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता. बाकीच्या शहरांनी तट पाडून रुंद रस्ते केले, यांना पाडायलाही परवडत नव्हतं. १८०२ मध्ये तर मुक्त शहराचा दर्जाही जाऊन ते बव्हेरियात विलीन झालं. मग एकोणिसाव्या शतकात चित्रकार आले आणि म्हणाले, वा, काय सुंदर! तेव्हा गावाला कळलं की आपली गरिबी विकली जाते.

बॉम्बचीही एक पुढची गोष्ट आहे. एप्रिल १९४५ मध्ये तोफांनी उरलेलं गाव उडवायचं चाललं होतं. अमेरिकेच्या युद्धखात्यातल्या जॉन मॅक्लॉयच्या आईने या गावाचं चित्र घरी लावलं होतं म्हणतात, त्याने सेनापतीला सांगून तोफा थांबवल्या. नंतर गावाने त्याला मानाचं संरक्षकपद दिलं. चित्र आणि आई हा भाग किती खरा कोण जाणे, पण तोफा थांबल्या हे खरं.

एक काळी बाजूही आहे. नाझींना हे गाव फार आवडायचं, 'खरं जर्मन गाव' म्हणून सहली भरभरून यायच्या. १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या उरल्यासुरल्या ज्यूंना हाकलून दिलं. मध्ययुगात इथं रब्बी (ज्यू धर्मगुरू) माइर यांच्यासारखा मोठा विद्वान शिकवत होता. त्यांच्या काळाच्या थडग्यांचे दगड तिथल्या संग्रहालयात आहेत, तेही बघा.

बखरकार

सहमत. विशेषतः शेवटच्या परिच्छेदाशी.

चुलीवरचं

तुम्ही दगडांचं चालवलंय, मी ताटाबद्दल बोलतो. या लेखातला 'पारंपरिक' पदार्थ मध्ययुगात कुणीही खाल्लेला नाही! बटाट्याचा गोळा? बटाटा अमेरिकेतून आला आणि जर्मन शेतकऱ्याने तो अठराव्या शतकात कुठे मनावर घेतला. मध्ययुगात त्या तटाच्या आत साधा माणूस राय-बार्लीची पेज, कोबी, वाटाणे, सलगम, आंबवलेली काळी भाकर आणि पातळ बियर यांवर जगायचा. शॉयफलेसोबत बटाट्याचा गोळा म्हणजे आपल्याकडे शिवकालीन थाळीत टोमॅटोचं सार.

फणसपोळी

चुलीवरचं, तुम्ही उपासाला काय खाता?

चुलीवरचं

साबुदाण्याची खिचडी. का?

फणसपोळी

साबुदाणा टॅपिओकाचा, दक्षिण अमेरिका. बटाटा दक्षिण अमेरिका. शेंगदाणा दक्षिण अमेरिका. मिरची अमेरिका. तुमच्या एकादशीत जिरं आणि तूप सोडून काहीच देशी नाही. तरी आजीच्या हातची खिचडी पारंपरिकच ना?

उगाच_एक

=)) =)) चुलीवरचं, इनो पाठवू का?

चुलीवरचं

नको, साबुदाणा पचतोय. मुद्दा घेतला. पण एक खरोखर जुनी गोष्ट सांगतो, आणि तिच्यात आपला हात आहे. न्युर्नबर्गची लेबकुखन, मसाल्याची मऊ बिस्किटं. तिथल्या लेबकुखनवाल्यांचा उल्लेख १३९५ पासून मिळतो. दालचिनी, वेलची, आलं, लवंग घालून. हा मसाला मलबारच्या वाटेनं व्हेनिसला आणि तिथून आल्प्स ओलांडून न्युर्नबर्गच्या व्यापाऱ्यांकडे यायचा. शेजारच्या जंगलात मध भरपूर, म्हणून तिथंच जमलं. काकूंना ते द्यायला हवं होतं, एका वासात ओळखलं असतं.

खडीसाखर

दिलं ना, एरलांगनला. म्हणाली, "लाडवात घालायचं ते यांनी ब्रेडात घातलं."

गोपाळपुरा

पुढच्या मे मध्ये आम्ही चौघं जातोय, दोघं पक्के शाकाहारी (अंडं पण नाही). काय मिळेल? प्रामाणिकपणे सांगा.

खडीसाखर

प्रामाणिकपणे: चैन नाही, पण उपाशीही राहणार नाही. अंडं नको असेल तर श्पेट्झले (शेवयांसारखा मऊ पदार्थ, चीज नि कांद्यासोबत फार छान) गेले, कारण त्यांत अंडं असतंच. पावाचे गोळे, झेमेलक्नोडेल, त्यांतही. राहिला श्पार्गल नुसता लोण्यासोबत, उकडलेले बटाटे दह्या-मुळ्याच्या क्वार्कसोबत, काळा पाव, चीज, सॅलड. बटाट्याचा कीस घालून केलेली धिरडी, राइबरडात्ची, सफरचंदाच्या मुरंब्यासोबत मिळतात. उपासाच्या बटाट्याच्या थालीपिठाची आठवण येते, पण त्यांत अंडं घालतात का ते विचाराच.

सापळे मात्र खूप. बटाट्याचं सॅलड या भागात मांसाच्या सुपात कालवतात. लाल कोबी आणि सावरक्राउट (आंबवलेला कोबी) डुकराच्या चरबीत शिजवतात. फरसबीत श्पेकचे, म्हणजे खारवलेल्या चरबीचे, तुकडे. 'शाकाहारी' म्हटलं तर काही ठिकाणी अजूनही 'मग मासा देऊ?' असा प्रेमळ प्रश्न येतो. चार शब्द पाठ करा: 'इस्ट दा श्पेक द्रिन?' त्यात श्पेक आहे का? बास.

पाणी फुकट येत नाही, विकतची बाटली येते, बहुधा बुडबुडेवाली. साधं हवं तर 'श्टिलेस'. आणि रोख पैसे जवळ ठेवा.

श्वाबनची सून

मांस लपवण्यावरून आठवलं. आमच्या श्वाबन भागात माउलटाशन असतात, मोठ्या चौकोनी करंज्याच म्हणा, आत खिमा आणि पालक. गोष्ट अशी सांगतात की मठातल्या साधूंनी ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात मांस खाण्यासाठी ते पालकात कालवलं आणि पिठात गुंडाळलं, वरून देवाला दिसू नये म्हणून. लोक त्याला लाडाने 'देवाला फसवणारे' म्हणतात. सासूबाईंनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला आमचे आबा आठवले. श्रावणात घरी कांदासुद्धा नाही, पण संध्याकाळी 'जरा जाऊन येतो' म्हणून बाहेर पडायचे आणि तोंडात बडीशेप घेऊन परत यायचे.

उगाच_एक

आबा जिंदाबाद.

सुटाबुटात

आम्ही टूरने गेलो होतो. गावाला मिळाली पंचेचाळीस मिनिटं. त्यातली वीस बायकांनी नाताळच्या दुकानात, दहा स्वच्छतागृहाच्या रांगेत, उरलेली त्या पिवळ्या घराच्या फाट्यावर फोटोसाठी. तट बघितलाच नाही. तुमचा धागा वाचून कळलं की तटावर चढता येतं. चढायला पैसेही लागत नाहीत?

खडीसाखर

नाहीत! तो फाटा म्हणजे प्लोनलाइन. सकाळी सातला जा, एक कबूतर आणि तुम्ही. बाबा गेले होते.

लोणारकर

सगळे रोटेनबुर्गच करतात, म्हणून एक सुचवणी. त्याच रस्त्यावर, म्हणजे १९५० मध्ये पर्यटनासाठी आखलेल्या व्युर्त्सबुर्ग ते फ्युसन रोमँटिक रोडवर, थोडं दक्षिणेला नोर्डलिंगन आहे. तिथला तट सबंध गोल, पावणेतीन किलोमीटर, जिथून चढलात तिथंच परत. पण मी गेलो वेगळ्या कारणाने. मी बुलढाण्याचा. नोर्डलिंगन हे अख्खं गाव उल्कापाताच्या खड्ड्यात वसलंय! रीस विवर, सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीचं, पंचवीसेक किलोमीटर व्यासाचं. आपलं लोणार पावणेदोन किलोमीटरचं. लोणारला तसा खडा काळा बसाल्ट, कड्यावर उभं राहिलं की विवर एका नजरेत दिसतं. रीसमध्ये उभं राहून काहीच कळत नाही, नुसती सपाट शेती आणि दूर टेकड्यांची कड. सेंट जॉर्ज चर्चच्या ९० मीटर उंच मनोऱ्यावर साडेतीनशे पायऱ्या चढून गेलो तेव्हा कुठे ती कड गोल असल्याचं उमगलं.

तो मनोरा ज्या दगडाचा आहे तो सुएव्हाइट, उल्केच्या धक्क्यानेच तयार झालेला. त्यात डोळ्यांना न दिसणारे हिऱ्यांचे कण आहेत. लोकांनी शतकानुशतकं हिऱ्याचं चर्च बांधून त्यात घंटा वाजवल्या आणि १९६० पर्यंत बहुतेक सगळे या विवराला जुना ज्वालामुखी समजत होते. शूमेकर आणि चाओ या दोघा भूवैज्ञानिकांनी सिद्ध केलं की ही उल्का. आपल्या लोणारलाही बराच काळ ज्वालामुखीचं तोंडच म्हणत. १९७० मध्ये चंद्रावर जाणाऱ्या अपोलो १४ च्या अंतराळवीरांना दगड ओळखायला शिकवण्यासाठी रीसमध्ये आणलं होतं.

त्या मनोऱ्यावर अजून पहारेकरी आहे. रात्री दहापासून बारापर्यंत दर अर्ध्या तासाने ओरडतो, 'सो ग्झेल सो!' गोष्ट अशी की एकदा वेशीचा दरवाजा फितुरीने उघडा ठेवला होता, एक डुक्कर त्याला अंग घासत होतं म्हणून एका बाईच्या लक्षात आलं आणि गाव वाचलं. डुकराने गाव वाचवलं आणि गाव त्याला ताटात वाढतं. असो.

बखरकार

वा! हा प्रतिसाद स्वतंत्र धाग्याच्या तोलाचा आहे. लोणारकर, लिहाच. मधल्या वाटेवर डिंकल्सब्यूलही आहे. ते बॉम्बमधून पूर्ण वाचलं, मला रोटेनबुर्गपेक्षा तेच आवडतं. जुलैत तिथं किंडरत्सेखे नावाचा उत्सव असतो: १६३२ मध्ये मुलांनी स्वीडिश सेनापतीपुढे जाऊन गावासाठी दया मागितली, त्याची आठवण.

देशोदेशी

एकाने वाईन पिऊन वाचवलं, एकाने डुकराने, एकाने मुलांनी. आन्सबाखचे लोक काय करत होते?

नदीकाठची

मूळ मुद्द्यावर: श्नेबाल मला अजिबात आवडला नाही. कोरडा ठक्क, साखर नाकात जाते, बॅगेत ठेवला तर भुगा. कौतुक नक्की कशाचं करायचं?

श्वाबनची सून

चॉकलेटवाला खाल्ला असणार. साधा, त्या दिवशीचा, कॉफीत बुडवून. आणि कापायचा नसतो. कागदी पिशवीतच हाताने चुरायचा, मग तुकडे खायचे.

खडीसाखर

(पाच महिन्यांनी धागा वर काढतेय, क्षमस्व.)

आईने दिवाळीत श्नेबाल केला! व्हिडिओ कॉलवर मी साक्षीदार. दोन वाट्या मैदा, दोन अंडी, तीन चमचे तुपाचं कडकडीत मोहन ("त्यांच्यासारखं कमी नको"), दोन चमचे साय, साखर चवीपुरती. तिकडे पिठात प्लमची दारू घालतात, म्हणजे तेल कमी पितं. आईने त्याऐवजी लिंबू पिळलं. पोळी लाटून आज्जीच्या कातण्याने चिरा दिल्या, उलथन्याच्या दांड्यावर एक आड एक पट्टी उचलली. गोल पकड कुठून आणणार? चहाच्या स्टीलच्या दोन गाळण्या समोरासमोर धरून मध्ये गोळा, तारेने बांधल्या आणि कढईत.

पहिल्याची तार सुटली, तेलात शेवयांची खीर झाली. दुसरा एका बाजूने कच्चा. तिसरा जमला. खरंच जमला! खुसखुशीत, चिरोट्याच्या जवळ जाणारा. पिठीसाखरेत थोडी वेलची. शेजारच्या काकूंनी फराळाच्या ताटात बघून विचारलं, हे काय नवीन?

फणसपोळी

आणि काकूंनी काय नाव सांगितलं?

खडीसाखर

तिच्या आधी बाबाच बोलले. "गुंतवळ." आता अख्ख्या गल्लीत तेच चालू आहे आणि आई दोन दिवस बाबांशी बोललेली नाही.